अडलेला कौल

देवावर माझा राग नव्हता; तो आहे असंच मुळी वाटत नव्हतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुंबईत अभियांत्रिकी शिकवत होतो आणि सिलिकॉनच्या चकत्यांपासून डायोड बनवायचा हट्ट धरून बसलो होतो. वीज एकाच दिशेने जाऊ द्यायची, एवढंच त्याचं काम. माझे मेले दोन्हीकडून गळायचे! भट्टी बदलली, चकत्या धुवायचं पाणी बदललं, विद्यार्थी कंटाळून निघून गेले. अन्न गोड लागेना. नोकरीच सोडायची असं मनाशी धरून मालवणजवळच्या आमच्या गावी आलो आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

आईने आमच्या ग्रामदैवताला, रवळनाथाला, कौल लावून त्यालाच विचारायचं ठरवलं. मी वाद घातला. "तुझा शिक्षाण पायताणाबरोबर भायर ठेव आणि चल," ती म्हणाली.

गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर नोकरी सोडायची, डावी पडली तर नाही. मग त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो झील मुंबैक जीव तोडून काम करता, पण येश येना नाय. ह्येका वाट दाखय रे म्हाराजा!" जमलेली माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा!" माझी फजिती चारचौघांत ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाकळी काही हलेना. एकाचा कौल झाल्याशिवाय आमच्याकडे दुसऱ्याचा लावत नाहीत. मागे एक अनोळखी बाई ताटकळत होती. तिचा नवरा गोव्याच्या इस्पितळात. ऑपरेशन करावं की नाही, हे विचारायला आलेली. मी शरमेने उठू लागलो. म्हटलं, आधी यांचं घ्या. तिनेच मला थांबवलं. "बस रे भावा. कौल अर्धो सोडूचो नसता." आणि सगळ्यांत मोठ्याने तीच म्हणाली, "व्हय म्हाराजा!" मी हमसून हमसून रडलो. माझ्यासाठी परक्या माणसाने असं कधी मागितलं नव्हतं.

डावी पाकळी पडली. मग तिचं गाऱ्हाणं सुरू झालं, "ह्या बायच्या घोवाक बरो करून घराक हाड रे म्हाराजा!" आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा!"

परतल्यावरही डायोड बरेच दिवस गळत राहिले. मी शिकवत राहिलो, जमेल तेवढं करून बाकीचं देवावर सोडू लागलो. तिचा नवरा वाचला का, मला अजून ठाऊक नाही. संध्याकाळी दिवा लावताना मी त्याच्यासाठी मागतो. स्वतःसाठी काही मागायचं राहूनच जातं.