जिजीची पालथी घागर

श्रावणातली सकाळ होती. शहाद्याच्या घरी मी सुपात तूर घेऊन निवडत बसले होते, तेवढ्यात रनाळ्याचा आमचा सालदार दारात येऊन उभा राहिला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. "जिजीनी तब्येत बरी नही. तुमनी वाट देखी ऱ्हायनी," एवढंच म्हणाला. जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ. यजमानांच्या शाळेच्या नोकरीमुळे आम्ही तापीच्या या अंगाला राहायला आलो, ती मात्र शेवटपर्यंत रनाळ्याच्या घरातच राहिली. मी सूप तसंच ठेवलं आणि निघाले. तापी दुथडी भरून चालली होती. मधल्या धारेला नाव कलली, शेजारचा म्हातारा मोठ्याने देवाचं नाव घ्यायला लागला, आणि मी आपली विचार करत होते की जिजीला भाताची पेज कोण करून घालत असेल... पलीकडे उतरल्यावर चिखलात पाय रुतले तेव्हा ध्यानात आलं, आपण भरली तापी ओलांडून आलो आणि भ्यायचं विसरूनच गेलो! मला तिथेच हसू आलं. हे विसरणं मला जिच्यामुळे आलं, तिच्याकडेच मी निघाले होते.

माझं माहेर कळसाडीचं. सात-आठ वर्षांची असताना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराई बुडवायला आम्ही पोरी बायकांबरोबर गाडीतून तापीवर गेलो. माझी गौराई धारेला लागली. तिला नीट निरोप द्यावा म्हणून मी थोडी पुढे सरकले आणि पायाखालची वाळूच गेली. डोह होता तिथे. काकूच्या हाती माझी वेणी लागली म्हणून वाचले. काठावर पालथी घालून पोटातलं पाणी काढलं, आई छाती पिटत होती, आणि मी डोळे उघडल्याबरोबर आजी म्हणाली, "तापीमायनी इले चाखेल शे. आते ती इले सोडाव नही." नाकातोंडात गेलेलं पाणी मी कधीच विसरले असते, पण आजीचं हे बोलणं मनात घर करून बसलं. नदी माझी वाट बघत बसली आहे, असंच मला वाटायचं. अंगावर तांब्याने पाणी घ्यायची तेही डोळे घट्ट मिटून.

पुढे लग्नाचं बघायची वेळ आली तेव्हा वडिलांनी मोठ्या हुशारीने कोरडं गाव शोधलं. रनाळ्याजवळ मोठी नदी नाही, विहिरींना पाणी खोल, पोर सुखात राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. कळसाडी आणि रनाळ्याच्या मधून तापी वाहते, हे मात्र हळद लागेपर्यंत एकाच्याही डोक्यात आलं नाही! वरातीत मला गाडीत गोधडीखाली झाकून नदीपार केलं. पहिल्या आखाजीला भाऊ न्यायला आला. उन्हाळ्यातली तापी, गाडीचं चाक अर्धंही बुडत नव्हतं. पण पाणी दिसताच मी खाली उडी टाकली आणि वाळूत फतकल मारून बसले. भावाने समजावलं, रागे भरला, शेवटी मला परत रनाळ्याला सोडून गेला. पुढच्या वर्षीही तेच. आखाजीला गावोगावच्या लेकी माहेरी झोके घेत गाणी म्हणायच्या आणि मी सासरच्या ओट्यावर बसून ती ऐकायची. आई दर आखाजीला पलीकडच्या काठापर्यंत येऊन बसते, असं भावाकडून कळलं तेव्हा मात्र माझा धीर सुटला. नदीने मला नेलं नव्हतं, पण माझं माहेर नेलं होतं.

जिजीने मला मोटेच्या विहिरीवर रडताना पाहिलं. ती तापीकाठच्या गावची लेक, पाण्यात खेळूनच मोठी झालेली. तिने आजीचं ते बोलणं माझ्याकडून वदवून घेतलं आणि खो खो हसली. "तापीमायले तुन्हं नाव बी माहीत नही, धाकली! तिले का तू एकलीच शे?" मला आधी राग आला. मग बरं वाटलं. इतकं बरं, की काय सांगू... त्या दिवसापासून दुपारी मोट सुटली की ती मला थारोळ्यात, म्हणजे मोटेचं पाणी जिथे पडतं त्या दगडी कुंडात, नेऊन बसवायची. आधी नुसते पाय, मग मांडी घालून, मग तोंड पाण्यात. मी डोळे मिटले की पाठीत धपाटा. "डोया उघडा ठेव. डोया मिटात का पानी वाढस." सासूबाई लांबून ओरडायच्या, "काय मासा धरी ऱ्हायन्यात का?" जिजी तिथूनच उत्तर द्यायची, "व्हय, एक मोठी मासोई गवसनी शे!"

आखाजी जवळ आली तशी ती म्हणाली, "मन्हा माहेरले चाल. तठून तुन्हा काठ दिसस." तिच्या आईने दिलेली पितळेची घागर बरोबर घेतली. कासोटा खोचून आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. जिजीने घागर पालथी करून सरळ पाण्यावर दाबली, तशी आतली हवा कोंडली आणि घागर तरंगून राहिली. "इले धर, मंग पाय मार." मी घागरीला अशी मिठी मारली की मनगटातल्या चांदीच्या गोटांचे ओरखडे पितळेवर उठले. पाणी प्याले, खोकले, जिजीच्या नावाने बोटंही मोडली. ती हसत होती, पण तिचा एक हात माझ्या पोटाखाली होता. तो तिने केव्हा काढून घेतला मला कळलंच नाही. वळून पाहिलं तर ती मागे, काठाजवळ उभी आणि मी पाण्यावर.

दुसऱ्या दिवशी आमच्या निरोपाप्रमाणे भावाने गाडी तिथल्याच उतारावर आणली. मी गाडीत बसलेच नाही. जिजीचा हात धरून, डोळे उघडे ठेवून, पायी तापी ओलांडली. पलीकडे आई वाळूत बसली होती. ती उठली, धावत आली, मला कवटाळलं, आणि इतक्या वर्षांनी भेटलेल्या लेकीला पहिलं काय विचारलं असेल? "लुगडं कसं वल्लं व्हयनं वं?" आम्ही तिघी हसता हसता रडलो. जिजी मात्र पाणी पिऊन लगेच मागे फिरली. तिचीही आखाजी होती, तिलाही तिच्या आईकडे झोके घ्यायचे होते.

...श्रावणात मी पोहोचले तेव्हा ती खाटेवर पडून होती. आवाज पार बसलेला. मला ओळखलं आणि आधी खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहिलं.

"कशी उनी?"

"नावमा बठीसन उनू, जिजी."

"डोया?"

"उघडाच व्हतात."

तिने मान हलवली. चेहरा असा सैल झाला, जणू माझं नदीपार होणंच तेवढं तिच्या कामातलं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. त्रास झाला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर तिच्या सुनेने ती घागर माझ्या हाती दिली. परतताना तापी तेवढीच भरलेली होती. मी घागर मांडीवर पालथी घेऊन बसले. जुन्या ओरखड्यांवरून बोटं फिरवताना कढ आवरेना, नावेत परक्या माणसांदेखत रडले. मधल्या धारेला नाव कलली तेव्हा उमगलं की रडता रडता आपण डोळे मिटून घेतले आहेत, आणि समोरचा काठ कुठे आहे तेच कळत नाहीये. पाठीत धपाटा बसल्यासारखे मी ते उघडले. काठ जवळ आला होता.