दाखला झाला

राज्यांची नवी वाटणी होऊन भोपाळ राजधानी झालं, मोठा कारखाना उभा राहू लागला, आणि बाबांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून तिथल्या वसाहतीत राहायला आलो. माझी शाळा इंग्रजी, मैदानावर हिंदी, घरात मराठी. तिन्ही भाषा कळत होत्या, पण मोठ्यानं मी एकही बोलत नसे.

मी इंजिनिअर व्हायचं हे बाबांनी आणि मी मिळून ठरवलं होतं. कुठे शिकायचं ते मात्र त्यांनी एकट्यानं ठरवलं. ते स्वतः पुण्यात शिकलेले, तेव्हा पुणंच. भोपाळच्या नव्या कॉलेजात अर्ज दिला तो नुसता हाताशी असावा म्हणून. पुण्याची जागा मिळाली आणि भोपाळच्या कॉलेजाकडून काहीच कळलं नाही. "नाहीच म्हणाले असणार," बाबा म्हणाले, आणि तो विषय त्यांच्यापुरता मिटला.

माझ्यापुरता मिटला नव्हता. अर्जासाठी पुण्याला गेलो तेव्हा आम्ही आत्याकडे उतरलो होतो. पुढे राहायचंही तिथंच होतं. आत्या प्रेमळ, पण मी तोंड उघडलं की दुरुस्ती ठरलेली. "हसी नाही गं, हसू आलं म्हण!" तिसऱ्या दिवसापासून मी मान हलवूनच उत्तरं द्यायला लागले. भोपाळच्या कॉलेजात मुलाखतीला आलेले सगळेच कुठून कुठून आलेले होते, पंजाबी, बंगाली, मद्रासी. प्रत्येकाची हिंदी वेगळ्या ठिकाणी मोडत होती आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मला तिथं राहायचं होतं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

पुण्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला हवा होता, आणि अर्जासोबत दिलेला तो अडकला होता भोपाळच्या कॉलेजात. तिथले एक बाबू रोज सायकलवरून आमच्या घरासमोरून जायचे. आई त्यांना कुंपणापाशी गाठायची.

"भाईसाब, दाखला हुआ क्या?"

"अभी नहीं, माँजी. हो जाएगा."

असं बरेच दिवस चाललं. मी तेव्हा खोलीत असायची, त्यामुळे हे संभाषण मला आईच्या तोंडून मराठीतच कळायचं.

एका संध्याकाळी आई चहा घेऊन आली ती चिडूनच. "झाला म्हणे दाखला. पण हातात देईल तर शपथ! कागज उद्या येईल म्हणाला. आणि वर मला म्हणतो, मिठाई खिलाइए. एका दाखल्यासाठी मिठाई मागतो मेला!"

"दे की पेढे," बाबा म्हणाले. "दाखला आला की सुटलो. उद्या सकाळी पुण्याला होकाराची तार करतो."

मी कप खाली ठेवला. "ते नक्की काय म्हणाले?"

"सांगितलं ना. बिटिया का दाखला हो गया."

"दाखला म्हणाले की दाखिला?"

"तेच ते."

"तेच ते नाही, आई. हिंदीत दाखिला म्हणजे ॲडमिशन."

आई पदर तोंडाला लावून मटकन खुर्चीत बसली. "अगंबाई! म्हणजे इतके दिवस मी त्याला रोज विचारत होते, मुलीला घेतलं का, मुलीला घेतलं का! काय वाटलं असेल त्याला?"

बाबा हसले, पण लगेच गंभीर झाले. "बरं, इथंही झालं तर. तरी पुणं ते पुणं."

आता गप्प बसले असते तर सकाळी तार गेलीच असती. "मला इथंच शिकायचंय," मी म्हटलं. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"इथं? अगं, वर्कशॉपला अजून छप्पर नाही त्यांच्या!"

"घालतील."

"मग आधी का नाही बोललीस?"

"विचारलं होतंत का तिला?" आई म्हणाली. "मला तरी कुठे विचारलंत, पोरीला आत्याकडे धाडायचं का म्हणून?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी आत्याबद्दल काही विचारलं जाईल म्हणून धास्तावले होते, पण त्यांनी ते विचारलं नाही. कारखान्याचंही छप्पर ते आले तेव्हा अर्धंच होतं, एवढंच पुटपुटले.

मला चक्क भूक लागली. आईनं पोहे टाकले आणि मी दोनदा मागून घेतले.

बाबा टेबलाशी नकाराची तार लिहायला बसले. "ये इकडे, इंग्रजी शाळेतली तू," त्यांनी हाक मारली. "सुरुवातीला 'रिग्रेट' घालू ना?"

"नको," मी म्हटलं. "मला खेद कुठे होतोय?"

बाबांनी वर पाहिलं. मग तो शब्द खोडून त्यांनी नुसते आभार मानले.