प्रमिलाबाईंचं गाळणं

नवापूरजवळच्या हेमकांतशेठच्या कोंबडीफार्मवर जनरेटर सांभाळतात त्या प्रमिलाबाई. हे काम आधी त्यांच्या नवऱ्याचं, भिलाचं होतं. तो गेल्यावर बाईंनी पाना हातात घेतला. फिल्टरच्या बुडाशी साचलेलं पाणी सोडणं, नवा फिल्टर बसवला की नळीतली हवा काढणं, हे सारं त्या भिलाशेजारी बसून शिकल्या होत्या. शेठने त्यांना कोंबड्यांची विष्ठा उपसण्यातून सोडवलं. पुन्हा तिकडे जायचं नाही, एवढीच त्यांची इच्छा.

एक गोष्ट मात्र त्यांची स्वतःची. डिझेल ओतताना त्या जुन्या लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून गाळत. माणसं पाणी गाळून पितात, मग इंजिनाने काय घोडं मारलंय?

मे महिन्यात भर दुपारी वीज गेली. जनरेटर दहा मिनिटं चालला आणि आचके देत बंद पडला. शेडमध्ये आठ हजार पक्षी, वर तापलेले पत्रे. पंखे थांबले की कोंबड्या चोच वासून धापा टाकतात आणि मग पटापट माना टाकतात.

बाईंनी फिल्टर उघडला. आत हिरव्या तंतूंचा लगदा. लुगडं त्यांचंच. झिजलेलं कापड धागे सोडत होतं. करायला गेल्या गणपती, झाला मारुती! पण हात थांबले नाहीत. नवा फिल्टर बसवला, हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारला, बुडबुडे जाऊन डिझेलची सलग धार आली तसा स्क्रू आवळला. जनरेटर धडधडला. तोवर साठ-सत्तर पक्षी गेले होते.

बाहेर शेठ फोनवर कडाडत होते. पलीकडे पंपावरून डिझेल आणून देणारा दोधू.

"भेसळ करस तू! उद्यापासून येवू नको!"

गप्प राहिलं तर काम टिकत होतं. खरं सांगायचं तर बाईंना मोह झाला. पण दोधूच्या घरची गरिबी त्यांनी पाहिलेली होती. फिल्टर घेऊन त्या पुढे झाल्या.

"भाऊ, दोधूले बोलू नका. ह्या मन्हा लुगडाना धागा शेतस. चूक मन्ही शे."

शेठने फिल्टर हातात घेऊन पाहिला. "मावशी, तू नही सांगती ते माले कळतंच नही."

"माले ते कळनं व्हतं ना!"

शेठने पुन्हा फोन लावला. दोधूला उद्या ये म्हणाले. मग बाईंकडे वळले.

"उद्या डिझेल उनं म्हणजे गाळू नको. ड्रममा दोन दिन ठरू दे, गाळ खाले बसू दे, मंग वरनं ले."

म्हणजे उद्याही जनरेटर आपलाच. इतका वेळ धीराने उभ्या असलेल्या प्रमिलाबाईंना आता मात्र रडू आवरेना.