गाडी न्हाय, घर हाय

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. सीटा काढून आत पलंग, ओटा, फ्रिज, इन्व्हर्टर असं सगळं बसवून घेतलं. तिला कुणी गाडी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. "गाडी न्हाय, घर हाय ते!" मी चारचौघांत ओरडायचो.

पहिल्याच सहलीला बायकोला घेऊन पन्हाळ्यावर गेलो. दुपारी तिनं मटणाच्या वाटणासाठी मिक्सर लावला, तर मिक्सर गप्प. दिवा लागेना, पंखा फिरेना, फ्रिजही बंद. मी पलंगाखालची बॅटरी तपासली, ती फुल्ल. दोन फ्यूज बदलले, तरी काही नाही. मग वायरिंगवाल्याला फोन लावून त्याची बिनपाण्यानं केली. तो सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "साहेब, मेन स्विच बघितलासा का?"

"मला काय खुळा समजतोस व्हय?" म्हणून मी फोन ठेवला. मग गुपचूप दारामागचा मेन स्विच बघितला. बंद!

"कुणी बंद केला हा?" मी बायकोवर खेकसलो.

"मी," ती खोबरं किसता किसता म्हणाली. "गावाला निघताना घराचा मेन स्विच बंद करायचा, हे लग्नापासून तुम्हीच बजावताय की. सकाळी तिकडचा केला, मग हितलाबी केला."

"अगं, ते घर! ही गाडी हाय, गाडी!"

बोललो आणि जीभ चावली. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, स्विच वर केला आणि मिक्सर फिरवला.