पाचवी काच

देऊळघाटच्या शाळेत भर दुपारी अंधार करायचा होता, म्हणून गावातल्या बायकांनी घरून गोधड्या आणून खिडक्यांवर टांगल्या. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. गावोगाव जाऊन लोकांना काहीतरी दाखवावं, समजावून सांगावं, याची आमच्या कॉलेजातल्या सरांना फार हौस. त्यासाठी एक मॅजिक लँटर्न होता. पत्र्याची पेटी, आत गॅसबत्ती, पुढे भिंग. काचेवर रंगवलेलं चित्र त्यात उलटं सरकवलं की भिंतीवर सुलटं आणि भलं मोठं दिसायचं.

या वेळच्या आठही काचा मी रंगवल्या होत्या. काचा आणि रंग दोन्ही माझेच. गोष्टही मीच निवडली होती. नागपूरच्या इंग्रजी शाळेत सिस्टरांनी ती शिकवली होती, ग्रीक लोकांच्या पुराणातली. धान्याच्या देवीची एकुलती लेक फुलं तोडत असते. जमीन दुभंगते, पाताळाचा राजा रथातून येतो आणि तिला उचलून नेतो. देवांच्या राजाने त्याला आधीच होकार दिलेला असतो, आईला कोणी विचारलेलंच नसतं. मग आई पृथ्वीवर काही उगवू देत नाही. देव निरोपावर निरोप पाठवतात, ती ऐकत नाही. देवांचे नैवेद्य बंद पडतात, शेवटी त्यांनाच नमावं लागतं. पण लेकीने तोवर पाताळातले डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात, म्हणून वर्षातले काही महिने तिला तिकडे काढावे लागतात.

गोष्ट सांगणार होते सर. "तुमचं इंग्रजी शाळेतलं मराठी ऐकून लोक हसतील. तुम्ही काचा बदला," ते म्हणाले होते. मला ते बरंच वाटलं. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी मागच्या रांगेत सरकायचे.

पण आदल्या दिवशी त्यांनी काचा पाहिल्या आणि पाचवी बाजूला काढली. तिच्यात आई उघड्या पडलेल्या वावरात बसली आहे आणि समोर हात जोडून उभ्या असलेल्या देवाच्या दूताकडे बघतही नाही.

"ही नको. हट्टाला पेटलेली आई दाखवून बायकांना काय शिकवणार आपण? आणि पळवून नेलं वगैरे नको. रीतसर मागणी घातली, लग्न झालं, असं सांगू."

मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याला लोक होकार समजतात. रात्री मी ती काच पुन्हा काचांच्या पेटीत ठेवली, चौथी आणि सहावीच्या मध्ये.

सरांची पद्धत अशी की पुढची काच हवी असली की हातातली काठी जमिनीवर दोनदा आपटायची. काठी वाजली, लेक फुलं तोडू लागली. काठी वाजली, रथ आला. सर सांगत होते की पाताळाच्या राजाने मागणी घातली, थाटात लग्न लागलं, मुलगी सासरी रमली. बायका ऐकत होत्या. चौथ्या काचेनंतर काठी वाजली आणि मी पाचवी सरकवली.

सरांनी भिंतीकडे पाहिलं. काठी लगेच दोनदा वाजली. मी हात हलवला नाही. पुन्हा वाजली, जोरात.

"हे कोन व्हय?" पुढच्या रांगेतल्या म्हातारीने विचारलं.

"मुलीची आई," सर म्हणाले. "तिला जरा वाईट वाटलं होतं. पुढे बघा."

"मंग पोरीले आणाले मुराळी कोन गेला?"

सरांना कळलं नाही. ते बाहेरगावचे होते. आमच्याकडे लग्न झालेल्या लेकीला आखाजीच्या सणाला सासरहून आणायला माहेरचं माणूस जातं, तो मुराळी. तो पाठवल्याशिवाय लेकीची गोष्ट पुरी होत नाही. लग्न लावून दिलं ते सरांनीच, आता मुराळी त्यांच्याकडे नव्हता.

"ती सुखात होती. कोणी गेलं नाही," ते म्हणाले.

"अशी कशी माय म्हनाव हे," मागून कोणीतरी म्हणालं. "मुराळी नाही धाडला?"

बायका हसल्या. त्या सगळ्या आता भिंतीवरच्या त्या आईला नावं ठेवत होत्या आणि ती बिचारी माझ्या हाताशी तापत होती. बत्तीची आच लागून पिवळा रंग काठाकडून तपकिरी व्हायला लागला होता.

सर माझ्याजवळ आले. "काढा ती. काच तडकेल."

"तडकू दे, सर."

हे मी मराठीत बोलले आणि बोलून झाल्यावर मलाच ऐकू आलं. मग म्हातारीकडे बघून पुढचं सांगितलं. लग्न झालं नव्हतं. तिला उचलून नेलं होतं. आईला कोणी विचारलं नाही, म्हणून आईने दाणा उगवू दिला नाही. देवांना उपाशी ठेवलं. हा समोर उभा आहे तोच शेवटी मुराळी म्हणून पाताळात गेला. माझे 'ळ' आणि 'ण' जागेवर नव्हते, वाक्यं मागेपुढे होत होती.

"हे पोरगी मुकी नाही वं," कोणीतरी म्हणालं. आता हसल्या त्या मला.

म्हातारी हसली नाही. "देवायले उपाशी ठेवलं?"

"हो."

"बरं केलं," ती म्हणाली. "वावर जळून राह्यलं, पाय."

भिंतीवरचं सगळं शेत काळं होत चाललं होतं. मग टक् असा आवाज झाला आणि आईच्या खांद्यापासून पायापर्यंत एक पांढरी रेघ उमटली. तेव्हा मी काच काढली. बोटं भाजली. उरलेल्या तीन काचा सरांच्या काठीशिवाय बदलल्या, डाळिंबाची धरून.

दुसऱ्या दिवशी धामणगाव बढ्याला जायचं होतं. बसमध्ये सर मागच्या सीटवरून म्हणाले, "काचांची पेटी द्या इकडे. सात काचांत भागेल."

"पाचवी दाखवणार का?"

"फुटलीय ती."

"दिसते अजून."

"नाही दाखवणार," ते म्हणाले.

पेटी माझ्या मांडीवर होती. मी तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि खिडकीबाहेर बघत बसले. धामणगावात त्यांनी माझ्या काचांऐवजी स्वतःजवळची हिवतापाच्या डासाची चित्रं दाखवली.