जिथं हवा नाही तिथली धून

माझ्या दादाच्या छातीत कापूस होता. वाढवून सांगत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत तो शहाद्याच्या एका जिनात सरकी काढणाऱ्या रेच्यांपाशी उभा राहायचा आणि सरकीपासून सुटलेली रुई श्वासाबरोबर आत घ्यायचा. घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असत, म्हातारपण उसनं आणल्यासारख्या. होळी झाली, लग्नसराई लागली, की हाच माणूस लाल कोट घालून बँडच्या पुढं उभा राहायचा आणि कॉर्नेट फुंकायचा. हिवाळाभर भरलेलं उन्हाळ्यात फुंकून टाकतो, असं तो म्हणे. बरीच वर्षं ते जमलंही.

बँड आमचा दोघा भावांचा. मी क्लॅरोनेट वाजवायचो आणि चाली बसवायचो. बँडमास्तर दादा. लोक बँडला त्याच्या कॉर्नेटवरून ओळखत, माझ्या चालींवरून नाही, आणि ते बरोबरच होतं.

रशियानं आभाळात पहिला गोळा सोडला त्या वर्षी जिनाच्या ऑफिसातल्या रेडिओवर त्याचा आवाज लागला होता. टीं. मग काही नाही. मग पुन्हा टीं. हमाल म्हणाले, रेडिओ बिघडला. दादा मात्र तोच आवाज ओठांवर काढत घरी आला. जेवायला बसला तरी चालूच. वहिनी म्हणाली, ताटात बघा. तो मला म्हणाला, "एकच सूर शे रे. आनि मधमा कायज नही. पन त्या कायज नहीमाज जीव अडकस."

मी तो आवाज मनात ठेवून दिला. आमच्या धंद्यात सगळं कधी ना कधी उपयोगी पडतं.

एकसष्ट साली माणूसच वर जाऊन आला. त्या वैशाखात ब्राह्मणपुरीच्या एका गुजर शेतकऱ्याच्या मुलाचं लग्न आमच्याकडं आलं. मुलगा सुरतेला कॉलेजात शिकलेला. बाप केळीविषयी बोलत होता, मुलगा रॉकेटविषयी. मला म्हणाला, सिनेमाची गाणी सगळेच वाजवतात, तुम्ही माझ्या परण्याच्या वरातीला रॉकेटची धून काढा. बापानं हात जोडले, म्हणजे करा बाबा याच्या मनासारखं.

त्या वर्षी दादाची छाती पार गेली होती. लांब सूर धरला की मध्येच तुटायचा, आणि तुटला की दादा झांजवाल्यावर डोळे वटारायचा, जणू चूक त्याची. बँडमधली माणसं खाली बघत. नंदुरबारचा एक तरणा कॉर्नेटवाला काही काम नसताना आमच्या घरी येऊ लागला, चहा पिऊ लागला, खुंटीवरच्या कॉर्नेटकडं बघू लागला. त्याचा मला मनापासून राग यायचा. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, त्यास्ले घर बसाडू नका. घर बसनात का मरतीन."

रॉकेट गेलं खड्ड्यात. मला त्या धुनेतून एकच गोष्ट हवी होती: दादा बँडच्या पुढं उभा राहावा.

शाळेतले विज्ञानाचे मास्तर आमच्या ओट्यावर सुपारी कातरायला बसत. त्यांना विचारलं, वर कसलं वाजत असेल? ते हसले. म्हणाले, वर हवाच नाही, आणि हवा नाही तिथं आवाज नाही. तुम्ही बँडवाले तिथं उपाशी मराल. मी त्यांच्याकडून आणखी एकदा वदवून घेतलं. हवा नाही, आवाज नाही. मला पाहिजे ते सापडलं होतं.

हंगाम संपून जिन बंद झालेलं, आवार मोकळं. तिथल्या निंबाखाली दुपारी धून बसवली. आधी मोठा ढोल खालून घुमत यायचा, त्यावर ताशा कडाडायचा, मग माझं क्लॅरोनेट पायरी पायरीनं वर चढायचं. अगदी टोकाला गेलं की सगळं एकदम बंद. ढोल नाही, झांज नाही, काही नाही. त्या मोकळ्या जागेत दादानं आरामात श्वास घ्यायचा आणि कॉर्नेटवर एवढासा सूर काढायचा. टीं. पुन्हा मोकळी जागा. पुन्हा टीं. लांब सूर कुठंच नव्हता. सगळी चढण मी माझ्या फुप्फुसांवर घेतली होती.

पहिल्यांदा पूर्ण वाजवल्यावर दादानं कॉर्नेट मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. "राकेटनं नाव पुढे करी मन्हा दम वाचाडी ऱ्हायना तू."

"वर हवा नही, मास्तर म्हने," मी म्हणालो.

तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. पण त्या दिवसापासून तो घरी रोज सराव करू लागला. वहिनी भाकरी थापताना थांबायची, टीं ऐकायची आणि पुन्हा थापायची. घरात इतकं बरं वाटत होतं की मला तरण्या कॉर्नेटवाल्याचाही राग येईना.

आमच्याकडं एक रीत आहे. वरात जाताना वाटेत दुखवट्याचं घर आलं, की त्या दारासमोर बँड बंद होतो. वाजंत्री वाद्यं खाली करून मुकाट चालतात, नाचणारे हात खाली घेतात, आणि कोपरा ओलांडला की वाजवणं पुन्हा सुरू होतं. हे कोणाला शिकवावं लागत नाही. मीही शेकडो दारांवरून तसा गेलो होतो. तरी निंबाखाली बसून ती मोकळी जागा बांधताना मला ही रीत आठवली नाही. मी आभाळाचा विचार करत होतो.

ब्राह्मणपुरीला दिवस मावळायच्या आत नवरदेव घोड्यावर बसला, परण्या मारुतीच्या पाराकडं निघाला. धून सुरू झाली. ढोलावर पोरं वेड्यासारखी नाचली. क्लॅरोनेट चढत गेलं तसे नवरदेवानं घोड्यावरून दोन्ही हात वर केले. मी टोकाला पोचलो आणि सगळं बंद झालं.

नाचणाऱ्यांचे हात तिथंच खाली आले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. बायांनी पदर पुढं ओढले. सगळे रस्त्यालगतच्या एका दाराकडं बघू लागले. कुणीतरी हळूच विचारलं, "कोना घर मयत शे?"

त्या घरात एक म्हातारी बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. तिचा मुलगा बाहेर आला. त्याचा चेहरा आधी घाबरलेला होता, मग लाल झाला. "वाजा कसाले बंद पडना मन्हा दारसे? मन्ही माय जित्ती शे आजून."

या सगळ्यात दादा डोळे मिटून उभा होता. बसवलं होतं तसा त्यानं पुरता श्वास घेतला, आणि सूर काढला. टीं. इतका स्वच्छ सूर त्यानं त्या वर्षी काढला नव्हता. एक बाई रडायला लागली.

नवरदेवाचा बाप धावत आला. "वाजाडा रे, काहीबी वाजाडा." ढोलवाल्यानं घाबरून सिनेमातलं सगळ्यात धावतं गाणं उचललं. त्यात कॉर्नेटला श्वास घ्यायला जागाच नसते. दादानं ते पारापर्यंत वाजवलं. मी शेजारून खुणावत होतो, सोड, मी ओढतो. त्यानं सोडलं नाही. मारुतीच्या मागं जाऊन तो बसला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते, आणि कॉर्नेट त्याच्या हातातून मी काढून घेतलं.

पुढच्या लग्नाला नंदुरबारचा कॉर्नेटवाला आला. दादा घरी बसला. वहिनी म्हणाली होती ते खरं व्हायला वर्षही लागलं नाही. पुढच्या लग्नसराईच्या तोंडावर तो गेला. शेवटी शेवटी तो खाटेवर ओठांनी तोच सूर काढायचा, आणि मध्ये थांबायचा. ते थांबणं मोठं मोठं होत गेलं.

सुतकात मी ओट्यावर बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशी बँड ऐकू आला. आमचाच बँड, माझ्यावाचून. कॉर्नेट दुसऱ्याचं. गाणं जोरात आलं आणि आमच्या दाराशी बंद झालं. ढोलवाल्यानं माझ्याकडं पाहून मान खाली घातली. घोड्याच्या घुंगरांचा आणि चपलांचा आवाज तेवढा राहिला. नवरदेवाच्या डोळ्यांवर मुंडावळ्या होत्या, त्याला बहुतेक काही कळलं नसावं.

वहिनी आत जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली. इतक्या वेळा ऐकून तिला दादाच्या सुराआधीची ती मोकळी जागा पाठ झाली होती.

"आते त्यास्ना सूर व्हता," ती म्हणाली.

वरात पुढं गेली. कोपऱ्यावर बँड पुन्हा वाजू लागला.