सुभान मुलाण्याचा मान

घोडनदीकाठच्या त्या गावात म्हसोबाच्या जत्रेच्या बकऱ्यावर सुरी फिरवायचा मान मुलाण्याचा. त्याच्या तोंडून बिस्मिल्ला ऐकल्याशिवाय भलेभले मिशीवाले मटणाला हात लावत नसत. सुभान मुलाणी तसा गरीब गाय, पण या मानापायी वर्षातून एक दिवस ताठ चालायचा. त्याच्या बापानं एकदा नाठाळ पाटलाचं बकरं कापायला साफ नकार दिला होता. पाटलानं चावडीवर येऊन चूक कबूल केली, तेव्हाच चूल पेटली. ही गोष्ट सुभाननं इतक्या वेळा सांगितली होती, की ऐकणारेच शेवट सांगून मोकळे होत.

बासष्ट साली सर्जेरावानं, म्हणजे सोसायटीच्या चेअरमननं, विधवा पुतळाबाईचा बांध नांगरला आणि तिची नदीकडची पट्टी आपल्या उसात घातली. गाव घरात कुजबुजलं, चावडीवर मात्र मूग गिळून बसलं. सुभानला ते बघवेना. जत्रेच्या सकाळी चेअरमनचा गडी बोलवायला आला, तर हा जागचा उठला नाही.

"पुतळाबाईची जिमीन सोडा म्हणावं, मंग येतो सुरी घिऊन."

गडी गेल्यावर बायको, खातून, म्हणाली, "चेअरमनशी वाकडं घिऊन ऱ्हायचं कुठं आपुन?"

"त्येला लाज वाटंल. गाव जेवणार न्हाई, बघ तू."

सर्जेराव नुसता हसला. त्यानं जीप पाठवून शिरूरहून दुसरा मुलाणी आणला.

दुपारी सुभान माळावर गेला. रिकाम्या पंगती बघायला गेला, खरं तर. रस्सा भुरकल्याचा आवाज लांबूनच आला. सकाळी "शाब्बास, सुभानचाचा" म्हणणारे पत्रावळीत मान घालून बसले होते.

"अरं, सुभानभाई! या की, बसा," सर्जेराव मोकळ्या गळ्यानं ओरडला. "आमचा राग न्हाई तुमच्यावर."

सगळ्या पंगतीनं माना वर केल्या. बांध नांगरला तेव्हा एवढे डोळे सर्जेरावाकडं वळले नव्हते. सुभानचे कान तापले. एवढ्या डोळ्यांदेखत मागं फिरणं जमेना. तो पंगतीत बसला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाकरी वाढणारी बाई त्याच्यापुढं थांबली. त्यानं वर पाहिलं, तर पुतळाबाई.

"खावा, मामा," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मला बी भाकरी थापाया बोलावलं. मी आले."